डाव्या चाकाचा खालचा बोल्ट

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगाच नाही. घड्याळजी घराला कुलूप लावायचा, चार पावलं जायचा, परत फिरायचा आणि कुलूप ओढून बघायचा. मग पुन्हा चार पावलं, पुन्हा परत. गॅसचं बटण, नळ, इस्त्री, सगळ्यांची हीच गत. बायको म्हणायची, "अहो, त्या कुलपालाच आता लाज वाटायला लागली असेल. एकदा तरी विश्वास ठेवा बिचाऱ्यावर." तो हसायचा आणि आणखी एकदा ओढून बघायचा.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला असलं भित्रेपण परवडतं म्हणा. बाजारात त्याचं दुकान होतं, दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्याने रस्त्यावर उभं राहावं एवढंसं. टेबलावर छोट्या छोट्या खणांचा एक पत्र्याचा ट्रे असायचा. घड्याळातून निघालेला एकेक स्क्रू ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने एकेका खणात जायचा, आणि बसवताना उलट्या क्रमाने परत. ट्रे रिकामा झाला म्हणजे काम संपलं. खणात काही उरलं म्हणजे कुठेतरी घोळ झाला. ही शिस्त त्याला वडिलांनी लावलेली, आणि ट्रेही त्यांचाच. जगातल्या सगळ्या गोष्टींवर शंका घेणारा हा माणूस त्या ट्रेवर मात्र कधी शंका घ्यायचा नाही.

गाडीचं प्रकरण सुरू झालं ते उतारावर. त्यांचं घर टेकडीच्या अंगावर. खाली शहरात जायचं तर लांबलचक उतार, आणि उताराच्या शेवटी मोठं वळण. वळणाला कमरेएवढा दगडी कठडा. कठड्यापलीकडे काय आहे ते घड्याळजीने आजवर कधी वाकून बघितलं नव्हतं. एका सुट्टीच्या दिवशी सगळे खाली निघाले असताना त्याने ब्रेक दाबला आणि पेडल लोण्यात पाय जावा तसं खाली गेलं. गाडीत जळका वास पसरला. नाक खाली घालून गाडी डावीउजवीकडे झुलायला लागली. थांबली ती कठड्याला जवळजवळ टेकून. मागे त्याची आठ वर्षांची लेक बसली होती, तिला सगळे भिंगरी म्हणत. ती म्हणाली, "बाबा, आलं का आपलं?"

मेकॅनिक म्हणाला, "ब्रेक तापले हो तुमचे. नवे पॅड टाकतो, उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवत जा, झालं." झालं काय झालं! घड्याळजीच्या डोळ्याला डोळा लागेना. झोपेत त्याचा उजवा पाय गादी दाबायचा. बायको गाडी चालवत असली की हा शेजारी पाय रोवून बसायचा आणि प्रत्येक वळणाला ओरडायचा, "ब्रेक! ब्रेक!" मागून भिंगरीही टाळ्या वाजवत सूर धरायची, "ब्रेक! ब्रेक!" त्याच्या पायाखालची चटई त्या जागी खरोखर झिजली होती. बायको येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवायची.

शेवटी त्याने ठरवलं, गाडीचं पोटच बदलायचं. मोठ्या डिस्क, नवे कॅलिपर, कडक स्प्रिंगा, नवे शॉकअ‍ॅब्सॉर्बर, सगळं मागवलं. मेकॅनिक म्हणाला, "आणा इकडे, मी बसवतो." पण घड्याळजी कसला ऐकतोय! "माझ्या बायकोपोरीचा जीव दुसऱ्याच्या हातावर टांगायचा नाही," म्हणाला, आणि घराला लागून असलेल्या गॅरेजात गाडी लोखंडी स्टँडांवर चढवून बसला. कसलेल्या मेकॅनिकने एका दिवसात उरकलं असतं ते काम ह्याने कित्येक सुट्ट्या पुरवून पुरवून खाल्लं. एकेक नट तीनतीनदा तपासायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार?

स्प्रिंग बदलायच्या दिवशी तर घरात सुतक असल्यासारखी शांतता. नवी स्प्रिंग शिकंज्यात धरून दाबावी लागते, आणि दाबलेली स्प्रिंग हातातून सुटली तर माणसाचा जबडा घेऊन जाते, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. सगळ्यांना त्याने आतल्या खोलीत बसवलं आणि दार लावून घेतलं. शिकंज्याचा एकेक आटा फिरवला की बायको आतून विचारायची, "आहात का?" हा घामाघूम होऊन ओरडायचा, "आहे!" पुन्हा आटा, पुन्हा "आहात का?" शेवटी स्प्रिंग बसली तेव्हा त्याने दार उघडलं. घड्याळजीच्या आईने मीठमोहऱ्या ओवाळायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या.

राहिले होते ब्रेक. कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणारा लोखंडी जबडा. तो दोन बोल्टांवर बसतो, एक वर, एक खाली. खालचा काढला की वरच्याभोवती फिरून जबडा दारासारखा उघडतो आणि आतले पॅड दिसतात. चारही चाकांचं काम झालं, प्रत्येक बोल्ट 'टक्' करणाऱ्या लांब पान्याने कसला, तो पाना 'टक्' म्हणाला की पुरेसं घट्ट झालं समजायचं. मग उरलं ब्रेकच्या तेलातली हवा काढणं. त्याला दोन माणसं लागतात. बायको भिंगरीला अंघोळ घालत होती, म्हणून त्याने आईला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. सत्तरी ओलांडलेली आई, जन्मात पहिल्यांदा त्या जागी बसलेली.

"दाबू?" आईने विचारलं.

"दाब."

"दाबलं. आता?"

"धरून ठेव. सोडू नकोस. हं, सोड."

"अरे, सोड म्हणतोस की धर म्हणतोस? मी काय शिवणयंत्र चालवतेय?"

हवा निघाली. पेडल दगडासारखं झालं. आता चाकं चढवायची की काम संपलं. पण नाही! सुखाने बसेल तो घड्याळजी कसला? त्याच्या मनात आलं, डाव्या पुढच्या चाकातले पॅड नीट बसलेत ना? बसले होते. दोनदा बघितले होते. तरी त्याने खालचा बोल्ट काढला, दुकानातून आणलेल्या ट्रेच्या खणात ठेवला, जबडा वर केला, बघितलं. चोख. जबडा खाली आणला आणि बोल्टाकडे हात नेणार, तेवढ्यात आई गाडीतून ओरडली, "अरे, मला आधी उतरव! पाय बधिर झालाय माझा."

हातातलं टाकून तो धावला. आईला धरून उतरवलं, कामाच्या टेबलाला टेकवून उभं केलं आणि तिच्या चपला आणायला आत गेला. आत फोन वाजत होता. गिऱ्हाईक विचारत होतं, घड्याळ कधी मिळणार. त्याला चार शब्दांत वाटेला लावून तो चपला घेऊन परत आला तेव्हा आई तिथेच उभी होती, आणि ट्रे रिकामा होता.

रिकामा म्हणजे काम झालं. त्याने चाकं चढवली, गाडी खाली उतरवली, अंगणातल्या अंगणात पुढेमागे करून ब्रेक दाबून बघितला. गाडी जागच्या जागी थांबली, नाक जरासुद्धा न वाकवता. कितीतरी महिन्यांनी त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. बायकोला आधी वर, टेकडीच्या माथ्यावर राहणाऱ्या तिच्या थोरल्या बहिणीकडे भांडी परत करायला जायचं होतं, आणि तिथून मागच्या बाजूने वळसा घालून तोच लांबलचक उतार उतरून भिंगरीला पोहायच्या शिकवणीला. त्याने स्वतः तिच्या हातात किल्ली दिली.

"जा, डोळे मिटून जा," तो म्हणाला.

बायको त्याच्याकडे बघतच राहिली. "हे तुम्ही बोलताय? ताप-बीप नाही ना आला?"

"बाबा, तू नाही येत?" भिंगरीने खिडकीतून विचारलं. "मग ब्रेक ब्रेक कोण म्हणणार?"

"आता म्हणायची गरज नाही," घड्याळजी म्हणाला, आणि त्या दोघी गेल्या.

तो हात धुऊन चहाचा कप घेऊन ओट्याशी बसला. आई भाजी निवडत होती. निवडता निवडता सहज म्हणाली, "आणि हो, त्या तुझ्या ताटलीत एक मोठा खिळा उरला होता, तेलाने बरबटलेला. पुसून फळीवरच्या बरणीत टाकलाय. ताटलीपण पुसली. म्हटलं, हरवायचा नाहीतर."

कप कधी हातातून पडला ते घड्याळजीला कळलंच नाही. गॅरेजात जाऊन त्याने बरणी टेबलावर उपडी केली. खिळे, चुका, जुने स्क्रू, आणि त्यात तो. लख्ख पुसलेला. डाव्या चाकाचा खालचा बोल्ट. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. अंगणात गाडी थांबली ती हळू होती म्हणून. चढावर ब्रेक लागतोच किती? पण उतारावर ती जोराने दाबणार, जबडा वरच्या बोल्टावर गर्रकन फिरणार, चाकाच्या रिंगमध्ये अडकणार. चाक जाम. गाडी डावीकडे ओढली जाणार. आणि वळणाला डावीकडे काय आहे? कठडा.

"काय झालं रे?" आई दारात आली. "कुणाचा होता तो खिळा?"

त्याने बायकोला फोन लावला. फोन वाजत राहिला. उचलणार कोण? गाडी चालवताना फोन पर्समध्ये आणि पर्स डिकीत, हा नियम कुणाचा? ह्याचाच. देवासमोर शपथ घ्यायला लावली होती तिला. मग त्याने मेव्हणीला लावला.

"ताई, ती आहे का तिथे? थांबवा तिला!"

"अहो, आत्ताच की हो गेल्या. वळल्यासुद्धा. का हो, काय झालं?"

त्याने फोन तिथेच टाकला. गल्लीच्या टोकाला उताराच्या रस्त्यावर सरळ खाली उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. गाडीला टेकडीला वळसा घालून यायचं होतं, पायऱ्या नाकासमोर खाली जात होत्या. "पाना, पाना," असं काहीतरी तो बरळला, पण पाना घ्यायला थांबला मात्र नाही. बोल्ट मुठीत धरून तो धावत सुटला.

आणि त्या पायऱ्या! झिजलेल्या, तिरक्या, एकीची उंची दुसरीला नाही. एरवी हा माणूस तिथे बाजूच्या भिंतीला धरून म्हातारीसारखा उतरायचा. आज तो उड्या मारत होता. एकदा पडला, गुडघा फुटला, उठला. देवा, एवढ्या वेळी वाचव. मी पुन्हा काही उघडून बघणार नाही. कुलूप बघणार नाही, गॅस बघणार नाही, काही म्हणून बघणार नाही. नीट बसलेलं मी उघडलं का? कुणी सांगितलं होतं? माझ्या ह्या मेल्या भीतीने माझ्या पोरीला... पुढचं त्याने मनातसुद्धा येऊ दिलं नाही.

रस्त्याला लागला तेव्हा त्याला श्वास घेता येत नव्हता. खाली, हाकेच्या अंतरावर, मोठं वळण. वर रस्ता मोकळा. आणि वरून आवाज आला. आधी इंजिनचा, त्यात मिसळून आणखी एक. टक्. टक् टक्. आयुष्यभर कानाशी घड्याळ धरलेल्या माणसाला तो आवाज कुठून येतोय ते सांगावं लागलं नाही. लोखंड रिंगला लागत होतं.

गाडी दिसली. त्याने दोन्ही हात वर केले, ओरडायला तोंड उघडलं, आणि तसाच थिजला.

कारण ओरडणार काय? आजवर त्याने तिला रस्त्यावर एकच शब्द ओरडून सांगितला होता. हा असा रक्ताळलेल्या गुडघ्याने मधोमध हात नाचवताना दिसला तर ती काय करणार? दोन्ही पायांनी ब्रेक दाबणार. तोच तर दाबायचा नव्हता.

पाचावर धारण बसली होती त्याची, पण त्याने हात खाली घेतले. रस्त्याच्या कडेला सरकला. आणि हसला. लग्नातल्या फोटोतही जेवढा हसला नव्हता तेवढा तो हसला, दात दाखवून, पाहुण्यांना टाटा करावा तसा एक हात हलवत. दुसऱ्या हाताची बोल्ट धरलेली मूठ त्याने कमरेपाशी नेली आणि हळूहळू वर ओढली. बायको गाडी शिकत होती तेव्हाची ती खूण. हँडब्रेक. हळू. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो, त्याला पुढच्या जबड्याशी देणंघेणं नाही. ती विसरली असली तर संपलं होतं.

गाडी जवळ येत होती. काचेमागे बायकोचा चेहरा, शेजारी मागच्या सीटवरून वाकलेली भिंगरी. तो हसत राहिला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

इंजिन एकदम मोठ्याने गुरगुरलं. गिअर खाली आला. आणखी एक खाली. गाडीला झटका बसला, तिचा वेग मोडला, मग मागची चाकं करकरली. ती त्याच्यापुढून गेली, अगदी हाताच्या अंतरावरून. तो मागून पळत सुटला, वाटेत एक दगड उचलला. कठडा समोर दिसत होता, दिसत होता, आणि गाडी थांबली. त्याने चाकाखाली दगड सरकवला. मग आणखी एक. मग तो रस्त्यावरच बसला.

बायको उतरली. तिचा चेहरा पांढराफटक. "काय झालंय गाडीला?"

त्याने मूठ उघडली. बोल्टाचे आटे तळहातावर उमटले होते.

तिने वाकून चाकाच्या फटीतून बघितलं. जबडा निम्मा वर सरकला होता आणि रिंगच्या आतल्या बाजूला एक ताजा चकचकीत चरा उमटला होता. त्याच्याशेजारी तीही रस्त्यावर बसली.

"तुला कळलं कसं?" त्याने विचारलं. "ब्रेक कसा नाही दाबलास?"

"तुम्ही हसत होतात," ती म्हणाली. "मला वाटलं, मेलो आपण. तुम्ही आणि गाडीकडे बघून हसताय? आणि ब्रेक म्हणाला नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाला नाहीत. म्हणून पाय उचलला मी." आणि मग ती त्याच्या दंडावर बुक्क्या मारत रडायला लागली. "डोळे मिटून जा म्हणे! डोळे मिटून!"

पायऱ्यांवर ठक ठक आवाज आला. आई एकेक पायरी बसत उतरत होती, आणि हातात काठीऐवजी तो 'टक्' करणारा लांब पाना. जावयासारखा मानाने आणलेला. शेवटच्या पायरीवर येऊन तिने नातीला बघितलं, सुनेला बघितलं, आणि पाना पुढे केला.

"पाना पाना करत गेलास आणि विसरलास," ती म्हणाली. मग खालच्या आवाजात, "अरे, माझ्यामुळे झालं का रे काही?"

घड्याळजीने आईकडे पाहिलं. "तू सांगितलंस म्हणून कळलं, आई," तो म्हणाला. "नसतीस बोललीस तर नसतंच कळलं."

जॅक डिकीत होता. चाक उतरलं. ब्रेकच्या तेलाची रबराची नळी शाबूत होती, पॅड शाबूत होते. घड्याळजीने जबडा खाली आणला, पण त्याच्या हातून बोल्ट भोकात शिरेना. बायकोने तो त्याच्या हातातून घेतला, बसवला आणि पाना लावून कसला. पाना म्हणाला, टक्. घड्याळजीचा हात सवयीने पुढे गेला, सैल करून आणखी एकदा बघावं म्हणून. बायकोने नुसतं त्याच्याकडे बघितलं. त्याने हात खिशात घातला.

गाडी तिथे वळवायला जागा नव्हती. खालीच जावं लागणार होतं, त्या वळणावरून. "मी चालवते," बायको म्हणाली. आई मागे भिंगरीला कवटाळून बसली. घड्याळजी आपल्या जागेवर, झिजलेल्या चटईवर पाय ठेवून.

बायकोने हँडब्रेक सोडला. गाडी घरंगळायला लागली. कठडा पुढे पुढे यायला लागला. घड्याळजी ओठ घट्ट मिटून बसला होता. आज कुठल्या तोंडाने काही सांगायचं त्याने?

मागून एक हात त्याच्या खांद्यावर आला. छोटा, गार पडलेला.

"बाबा," भिंगरी म्हणाली, "ब्रेक म्हण ना. तू नाही म्हटलंस की मला भीती वाटते."

त्याने घसा खाकरला.

"ब्रेक," तो म्हणाला.

आणि बायकोने पाय ठेवला.